हाजरा, तू दात मागितले होतेस

हाजरा, तू गेल्यानंतरच्या चाळिसाव्याला मी भांडून आले. तुझ्याच घरात, तुझ्या सुनेच्या माहेरच्या बायकांसमोर, हातातली बिर्याणीची प्लेट खाली ठेवून भांडले. तुझ्या नणंदेनं मला दंडाला धरून बाहेर काढलं नाही, एवढंच काय ते बाकी राहिलं. सुमनबाईचं डोकं फिरलंय असं आता कामतघरची सगळी वस्ती म्हणते. फिरलंय तर फिरू दे. तू असतीस तर आधी पोट धरून हसली असतीस आणि मग मलाच चार शब्द सुनावले असतेस.

झालं असं की एकेक बाई तुझ्याबद्दल बोलत होती. कुणी म्हणालं, हाजरानं आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. दुसरीनं मान डोलावून तेच म्हटलं. तिसरी तर डोळे पुसत म्हणाली, अशी आई नशिबानं मिळते, कधी काही नको असायचं तिला. मी पहिल्यांदा गप्प बसले, दुसऱ्यांदाही बसले. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘खोटं आहे. तिनं मागितलं होतं. चाळीच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर मागितलं होतं. दात मागितले होते तिनं.’

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मेलेल्या बाईच्या घरात दातांचं काय काढलं हिनं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि मला राग आला तो त्यांचा नाही, तुझाच आला. अजून आहे. म्हणून हे लिहायला बसले आहे.

पैज तुझीच ना? आठव. पंच्याऐंशी-शहाऐंशीचे दिवस. आपण दोघी शेडमध्ये कांड्या भरायचो, लूमच्या धोट्यात बसणाऱ्या त्या सुताच्या कांड्या. भिशी चालवणारी बाई सगळ्यांचे पैसे घेऊन रातोरात खोली सोडून गेली, आणि शुक्रवारी आपल्या चाळीच्या ओट्यावर नुसती रडारड चालली होती. शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे रडायलाही सवड. तू मध्येच उठून उभी राहिलीस. म्हणालीस, ‘भिशी गेली खड्ड्यात. भिशीत दुसऱ्याच्या पैशावर डोला ठेवाचा. आपण उलटा करू. पैसा ज्याचा त्याचा, डोले सगल्यांचे.’

मग तू नियम सांगितलेस. जणू काही महिनाभर मनात घोळवत होतीस. प्रत्येकीनं मे महिन्यात ओट्यावर उभं राहून एक वस्तू सांगायची. रुपये सांगायचे नाहीत, वस्तू सांगायची. वर्षभर दर शुक्रवारी मातीच्या गल्ल्यात पैसे टाकायचे. पुढच्या मे महिन्यात, लूमवरचे भैये मुलखाला गेले आणि खटखट जरा मंदावली की, गल्ले फोडायचे आणि ती वस्तू आणून ओट्यावर मांडायची. जिची वस्तू आली नाही ती हरली. हरलेलीनं सगळ्यांसाठी तांदळाच्या रव्याची सांदणं करायची, आणि तीच वस्तू पुढच्या वर्षी पुन्हा सांगायची. ती बदलायची सोय नव्हती.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे आपला गल्ला आपल्या घरी ठेवायचा नाही. दोघी-दोघींची जोडी. माझा तुझ्याकडे, तुझा माझ्याकडे. कुणी मधेच गल्ला मागायला आलं, मग ती स्वतः मालकीण का असेना, तर राखणारीनं आधी चहा टाकायचा. चहा संपेपर्यंत गल्ल्याचं नाव काढायचं नाही. लक्ष्मीअक्का हसली होती. ती सोलापूरकडून आलेली, तिचं मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. म्हणाली, ‘चहानं काय होणार गं?’ तू म्हणालीस, ‘चाय होईपर्यंत अर्ध्या गरजा मरतात.’

माझ्या घरातली एक गरज तू मारलीस, त्याचे उपकार मी विसरलेले नाही. माझं शिवणयंत्राचं वर्ष होतं. आमच्या ह्यांच्या भावाचं लग्न ठरलं आणि ह्यांना वरातीला बँड लावायची हौस आली. मला न विचारता तुझ्या दारात उभे राहिले, ‘हिचा गल्ला द्या’ म्हणून. तू चहा टाकलास. आलं घालून, चांगला उकळून. तो झाला तर दुसरा टाकलास. मग सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केलीस, मग गावच्या भाताची, मग म्हशीची. हे जे घरी आले ते बँडचं नावसुद्धा विसरून, आणि रात्री जेवलेही नाहीत, चहानं पोट फुगलं म्हणून. त्या यंत्रावर मी आजवर ब्लाउज शिवते आहे. कांड्यांच्या धुरळ्यातून बाहेर पडले ती तुझ्या त्या दोन कप चहामुळे. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगायला गेलं की तू विषय बदलायचीस.

पण तू स्वतः काय सांगायचीस गं दर वर्षी ओट्यावर? एका वर्षी लेकाची, इरफानची सायकल. एका वर्षी सासऱ्यांचा चष्मा. मग लेकीच्या, शबानाच्या लग्नाची भांडी, पितळेची, कारण स्टीलची तिच्या सासूला चालणार नव्हती. मग दिराच्या पासपोर्टचं काहीतरी. मी म्हणायचे, ‘वस्तू सांग, पासपोर्टचं काय सांगतेस?’ दर वर्षी जिंकायचीस आणि दर वर्षी जिंकलेली वस्तू दुसऱ्याच्याच घरात जायची. मी चिडायचे. आपली भांडणं ती तेवढ्यावरूनच. तू म्हणायचीस, ‘मना काय कमी हाय?’ मी म्हणायचे, तुला काय कमी आहे ते तूच सांग ना एकदा. आणि आपण दोघी तोंडं फिरवून बसायचो, ती पुढच्या शुक्रवारपर्यंत.

मग दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तुझा नंबर आला आणि तू म्हणालीस, ‘दात.’

सगळ्या खो-खो हसल्या. तुझे पुढचे दात छान पांढरे होते, हसलीस की दिसायचे. लक्ष्मीअक्का म्हणाली, ‘हाजरा, कुणाचे दात? सासऱ्यांचे?’ तू म्हणालीस, ‘माजे.’ आणि आ करून दाखवलंस. एकीकडे गाल बोटानं ओढून, मग दुसरीकडे. मागे काहीच नव्हतं. दोन्ही बाजूंना नुसत्या हिरड्या. मी तुझ्या शेजारी बारा-तेरा वर्षं ओट्यावर बसत होते, शेडमध्ये होते तोवर एका डब्यातलं खात होते, आणि मला माहीत नव्हतं. तू भाकरी डाळीत कुस्करून खायचीस, मला वाटायचं तुला तशीच आवडते.

‘मना शुक्रवारचं मटन चावून खायचं हाय,’ तू म्हणालीस. ‘चोखून न्हाय, चावून. आनी चने. भाजलेले.’

मला तेव्हा कळलं की इरफान तुझ्यासाठी चिक्की आणायचा ती आमच्या घरी का यायची. त्याला वाटायचं, अम्मीला चिक्की आवडते. तू म्हणायचीस, ‘ठेव, मागाहून खाते.’ आणि संध्याकाळी पदराखाली लपवून माझ्या पोरांना आणून द्यायचीस. किती वर्षं त्याचे पैसे आणि माझ्या पोरांचे दात खराब केलेस.

त्या वर्षी मीसुद्धा तुझ्यावर खूश होते. थंडी सरल्यावर आपण मंडईजवळच्या दातवाल्याकडे गेलो. काचेच्या कपाटात कवळ्या मांडून बसलेला तो. त्यानं तुझ्या तोंडात गुलाबी लगदा भरला आणि तुला हसू फुटलं. तो ओरडला, ‘खाला, हंसो मत, नाप बिगड़ जाएगा.’ ते ऐकून तू आणखीच हसलीस, माप बिघडलं, त्यानं कपाळाला हात लावून पुन्हा घेतलं. मापाचे पैसे तू कांड्यांच्या पगारातून दिलेस. बाकीचे मे महिन्यात, गल्ला फुटला की. त्यानं प्लॅस्टरचा पांढरा साचा केला, त्यावर पेन्सिलीनं तुझं नाव लिहिलं आणि फळीवर ठेवला. परत येताना रिक्षासुद्धा केली नाहीस, चालत आलो, आणि रस्ताभर तू मला पहिल्यांदा काय काय खाणार ते सांगत होतीस. तुला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आणि मग एप्रिलमध्ये तू आलीस. मागे इरफान.

मला बघताक्षणी कळलं. मी काही न बोलता स्टोव्ह पेटवला, पातेलं चढवलं. तू दारातच उभी. म्हणालीस, ‘चाय नको. गल्ला दे.’

हाजरा, नियम तुझा होता. चहा संपेपर्यंत नाव काढायचं नाही. तू तर चहा होऊच दिला नाहीस. मी म्हटलं, बस तरी. तू म्हणालीस, ‘बसले तर उठवनार न्हाय माज्याकडून.’ हे तू इतक्या हळू म्हणालीस की इरफानला ऐकू गेलं नसेल. तो बिचारा आपल्याच नादात होता. ‘मावशी, सेकंडहँड लूम मिळतोय,’ म्हणाला. ‘सेठची ड्युटी सुटेल. आपला स्वतःचा लूम. थोडंच कमी पडतंय. अम्मी बोली, मेरा गल्ला है ना.’

मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी म्हटलं, ‘हाजरा, हे कशासाठी ठेवलंय ते याला माहीत आहे का?’ तू पटकन म्हणालीस, ‘माहीत हाय, माहीत हाय. दे.’ आणि मी फळीवरून गल्ला काढून दिला. काय करणार होते? गल्ला तुझा, लेक तुझा. तू तो त्याच्या हातात दिलास आणि निघालीस. स्टोव्हवरचा चहा मी मोरीत ओतला.

त्या मे महिन्यात ओट्यावर कुकर आला, टेबलफॅन आला, लक्ष्मीअक्काच्या कानातले आले. तू सांदणांची परात घेऊन आलीस. आयुष्यात पहिल्यांदा हरलीस आणि असली सांदणं केलीस की बायका बोटं चाटत होत्या. पांढरी, मऊ, नारळाच्या दुधातली. सगळ्यांनी खाल्ली. तूही खाल्लीस, सांदणाला दात लागत नाहीत. मी खाल्लं नाही. तू ताटली माझ्यापुढे सरकवलीस, मी परत सरकवली. तू म्हणालीस, ‘रागानं अन्न सोडू नये गं.’ मी म्हटलं, ‘मी पुढच्या मे महिन्यात खाईन. तू दातांनी चणे खाताना मला दिसलीस की खाईन.’ तू हसलीस. मग नियमाप्रमाणे उभी राहिलीस आणि पुन्हा सांगितलंस, ‘दात.’ या वेळी कुणी हसलं नाही.

पुढचा मे तू येऊच दिला नाहीस. थंडीत तुझी छाती भरली. डॉक्टर म्हणाला, अंगात काही शिल्लकच नाही, औषध लागू पडणार कसं? दात असते तर जगली असतीस असं मी म्हणत नाही. मला त्यातलं काही कळत नाही. पण चहात बुडवलेल्या बटरवर माणूस किती दिवस लूमच्या धुळीत उभं राहणार, एवढं मला कळतं. आणि तो लूम चालू होता. तुझा जनाजा निघाला त्या दिवशी तेवढा बंद होता, दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू. माझ्या खिडकीतून ऐकू येतो. खटखट ऐकली की माझं डोकं उठतं.

आता चाळिसाव्याचं सांगते. मी दातांचं बोलले तेव्हा बाहेर ताटं वाढणारा इरफान आत आला. मला वाटलं, आता हा मला हाकलणार. मीही तयारीत होते. वर्षभर मनात साठवलेलं सगळं त्याला ऐकवायचं ठरवून टाकलं. म्हटलं, ‘तुझ्या आईचे दात तुझ्या लूममध्ये गेले.’ हेच शब्द. सगळ्यांसमोर.

तो म्हणाला, ‘मावशी, अम्मी म्हणाली होती, हा गल्ला तुझ्यासाठीच साठवला. तू लूम घेशील म्हणून.’

‘खोटं बोलली,’ मी म्हटलं.

तो तसाच उभा. हातात बिर्याणीची परात. मग म्हणाला, ‘अम्मीला चावता येत नव्हतं?’

तो दर शुक्रवारी तुझ्यासमोर बसून जेवला होता. त्याच्या ताटात तू नळी वाढायचीस आणि स्वतः रस्सा घ्यायचीस. म्हणायचीस, ‘मना रस्साच आवडतो.’ त्या पोरानं विश्वास ठेवला. आई सांगते ते खरं, एवढंच त्यानं धरलं. त्याच्यावर रागावायला मी वर्षभर कंबर कसली होती, आणि तो असा डोळे मोठे करून विचारतोय म्हटल्यावर माझा राग कुठे जाणार? तो तुझ्याकडेच आला. तू त्याला सांगितलं का नाहीस? नाही म्हणाला असता तर गोष्ट वेगळी. तू त्याला नाही म्हणायची संधीच दिली नाहीस. त्याला चांगला मुलगा व्हायची संधी दिली नाहीस, हाजरा. आणि आता बायका म्हणतात, तिनं कधी काही मागितलं नाही. असं म्हटलं की सगळ्यांनाच बरं वाटतं.

मग तुझी नणंद म्हणाली की सुमनकडे हाजराचा यंदाचा गल्ला आहे, तो मदरशाला द्यावा, तिला सवाब मिळेल, पुण्य लागेल. तिचं काही चुकलं नाही. पण मी म्हटलं, ‘तो दातांसाठी आहे.’ ती म्हणाली, ‘अगं, आता कसले दात?’ मी म्हटलं, ‘तिनं ओट्यावर सांगितलंय. वस्तू बदलता येत नाही.’ आणि उठून आले.

दोन दिवसांनी इरफान माझ्याकडे आला. खिशात हात घालून पैसे काढायला लागला, ‘मावशी, अम्मीचे...’ मी म्हटलं, बस. चहा टाकला. तो बोलायला गेला की मी त्याच्यापुढे बिस्किटं सरकवायची. चहा संपला तेव्हा मी म्हटलं, ‘आता जा. दात गल्ल्यातूनच व्हायचे.’ तो गेला. तुझा नियम तुझ्या मुलावर चालवला, रागावू नकोस.

मे महिन्यात मी तुझा गल्ला फोडला. वर्ष अर्धंच झालं होतं, गल्लाही अर्धाच होता. कमी पडले ते आम्ही सगळ्यांनी घातले. पैसा ज्याचा त्याचा, हाही तुझाच नियम. मोडला. दातवाला म्हणाला, ‘खाला नहीं आईं?’ मी सांगितलं. त्यानं फळीवरून तुझा साचा काढून धूळ पुसली. म्हणाला, ‘बाई, ये किसके काम आएंगे? दूसरे के मुंह में बैठेंगे नहीं.’ मी म्हटलं, मला माहीत आहे, तुम्ही करा. त्यानं केले. पूर्ण पैसेही घेतले नाहीत, पण ते मी ओट्यावर सांगितलं नाही, नाहीतर पैजेत घोळ झाला असता.

गेल्या शुक्रवारी ओट्यावर एक मिक्सर आला, एक गॅसची शेगडी आली, आणि तुझा नंबर आला तेव्हा मी पिशवीतून डबी काढली आणि रुमालावर तुझे दात मांडले. लक्ष्मीअक्कानं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय, तर ती हसत होती. मग सगळ्याच हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तू असतीस तर सगळ्यांत मोठ्यानं हसली असतीस. या वर्षी कुणीच हरलं नाही, त्यामुळे सांदणं नव्हती. तुझ्या हातची ती एक ताटली मी परत सरकवली, ती आता मला जन्मभर दिसणार.

संध्याकाळी ती डबी घेऊन मी तुझ्या घरी गेले. शुक्रवार म्हणून लूम बंद होता. इरफान दारात बसला होता. त्याला म्हटलं, ‘हे घे. घरात समोर ठेव, सगळ्यांना दिसेल असं. कुणी म्हणालं की तुझ्या अम्मीनं कधी काही मागितलं नाही, तर त्याला हे दाखव.’

त्यानं डबी उघडली. दात तळहातावर घेतले. उजेडाकडे तोंड करून बराच वेळ बघत राहिला.

‘मावशी,’ म्हणाला, ‘केवढेसे हायत.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘एवढंच मागितलं होतं तिनं.’